वर्गाच्या भिंतीवरून बोलतो कोण? टेक्सासमधील दहा आज्ञांचा तक्ता आणि आपली मुले

डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहणाऱ्या मराठी आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सार्वजनिक शाळेत चौथीत शिकतो. त्याच्या वर्गात फळ्याशेजारी बायबलमधील दहा आज्ञांचा मोठा तक्ता लागला आहे आणि तो वाचून मुलाने घरी विचारले, ‘आपण गणपतीची मूर्ती आणतो ते चूक आहे का?’ मोठी मुलगी हायस्कूलच्या व्हॉलीबॉल संघात आहे. सामना संपला की प्रशिक्षक सगळ्या मुलींना गोलाकार उभे करून प्रार्थना सांगतात. आजोबांचे म्हणणे असे की तक्रार कशाला, त्या तक्त्याशेजारी गीतेचा एक श्लोक लावण्याची परवानगी मागावी. मुलांच्या वडिलांना वाटते की ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत या विषयात तोंड उघडू नये. कायदा काय म्हणतो आणि आम्ही नेमके काय करावे, असे या ताईंनी विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे अमेरिकेत वकिली करतो आहे आणि त्यातला बराच काळ शाळा, धर्म आणि नागरी स्वातंत्र्य यांच्याशी संबंधित प्रकरणांत गेला आहे. अशा प्रश्नांत बहुतेक पालक ‘कोणता धर्म?’ इथून सुरुवात करतात. अमेरिकन कायदा मात्र आधी ‘बोलतो कोण?’ असे विचारतो. भिंतीवरचा तक्ता, प्रशिक्षकाची प्रार्थना, मुलाच्या कपाळावरचा टिळा आणि देवळाच्या आवारातील मूर्ती या चारही गोष्टी धार्मिक आहेत. परंतु त्यांपैकी काहींमागे सरकार उभे आहे आणि काहींमागे एखादी व्यक्ती किंवा एखादे कुटुंब आहे. सरकारी धर्मवाणीला राज्यघटना आवर घालते आणि व्यक्तीच्या धर्मवाणीला संरक्षण देते. १९९० मध्ये नेब्रास्कातील एका हायस्कूलच्या ख्रिस्ती विद्यार्थी मंडळाबद्दलच्या वेस्टसाइड विरुद्ध मर्जेन्स या खटल्यात न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी हा भेद अतिशय स्वच्छ शब्दांत मांडला होता. तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरे मी याच भेदाच्या आधारे देणार आहे.

प्रथम मूळ तरतूद पाहू. १७९१ मध्ये मंजूर झालेल्या पहिल्या घटनादुरुस्तीत धर्माविषयी दोन वाक्यांश आहेत: काँग्रेस (अमेरिकेची संसद) कोणत्याही धर्माची अधिकृत स्थापना करणारा कायदा करणार नाही, आणि धर्माच्या मुक्त आचरणाला मनाई करणारा कायदाही करणार नाही. ही बंधने सुरुवातीला केवळ केंद्र सरकारवर होती. यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती झाली आणि तिच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने मुक्त आचरणाचा भाग १९४० मध्ये आणि धर्मस्थापनेच्या मनाईचा भाग १९४७ मध्ये, न्यू जर्सीतील एव्हरसन खटल्यात, राज्य सरकारांनाही लागू केला. त्यामुळे टेक्सासची विधानसभा आणि तुमचे स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातील सार्वजनिक शाळा चालवणारी सरकारी संस्था) दोघेही या तरतुदीने बांधलेले आहेत.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते, कारण तो आपल्या लोकांत फार आढळतो. धर्म आणि राज्य वेगळे ठेवण्याची मागणी म्हणजे ख्रिस्ती धर्माला विरोध, असे अनेकांना वाटते आणि म्हणून ते संकोचतात. प्रत्यक्षात ही मागणी ज्यांनी सर्वांत तळमळीने केली ते ख्रिस्तीच होते. व्हर्जिनियात अँग्लिकन चर्च हे राज्याचे चर्च असताना परवान्याविना प्रवचन केल्याबद्दल बाप्टिस्ट धर्मोपदेशकांना तुरुंगात टाकले जात असे आणि ते पाहून तरुण जेम्स मॅडिसन अस्वस्थ झाले होते. पुढे १७८५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती शिक्षकांसाठी कर लावण्याच्या प्रस्तावाविरुद्ध निवेदन लिहिले आणि १७८६ मध्ये व्हर्जिनियाने जेफरसन यांनी तयार केलेला धार्मिक स्वातंत्र्याचा कायदा संमत केला. धर्म आणि राज्य यांच्यातील ‘विभाजनाची भिंत’ ही सुप्रसिद्ध उपमा जेफरसन यांनी १ जानेवारी १८०२ रोजी लिहिलेल्या पत्रात आहे आणि ते पत्र कनेक्टिकटमधील डॅनबरीच्या बाप्टिस्टांना लिहिलेले आहे. आजही टेक्सासच्या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या कुटुंबांमध्ये ख्रिस्ती कुटुंबे आहेत, ज्यू आहेत, हिंदू आहेत आणि कोणताच धर्म न मानणारीही आहेत.

आता शाळांकडे वळू. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी मंडळाने लिहिलेली अवघ्या बावीस शब्दांची प्रार्थना सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. ती कोणत्याही एका पंथाची नव्हती आणि म्हणण्याची सक्तीही नव्हती, तरी न्यायालयाने सांगितले की लोकांसाठी प्रार्थना लिहिणे हे सरकारचे काम नाही. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातील शाळांमधील रोजचे बायबलवाचन बंद झाले. त्या खटल्याचा उगम मला नेहमी भावतो: एलरी शेम्प नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने १९५६ मध्ये वर्गात बायबलवाचन चालू असताना कुराणाची प्रत उघडून शांतपणे स्वतःपुरते वाचायला सुरुवात केली. तो मुसलमान नव्हता, युनिटेरियन घरातला होता. आणि १९८० मध्ये स्टोन विरुद्ध ग्रॅहम या खटल्यात, वर्गावर्गांत दहा आज्ञांचा तक्ता लावायला सांगणारा केंटकी राज्याचा कायदा पाच विरुद्ध चार मतांनी रद्द झाला. ते तक्ते खासगी देणग्यांतून यायचे आणि त्यांवर बारीक अक्षरांत कायद्याच्या इतिहासाविषयी एक ओळही छापलेली होती. तेवढ्याने काही बदलत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

मग टेक्सास पुन्हा तेच कसे करू शकले? कारण २०२२ मध्ये वातावरण बदलले. वॉशिंग्टन राज्यातील ब्रेमर्टन येथील फुटबॉल प्रशिक्षक जोसेफ केनेडी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि १९७१ पासून वापरात असलेली लेमन कसोटी (सरकारी कृतीचा हेतू किंवा परिणाम धार्मिक आहे का, हे तपासणारी) बाजूला ठेवून सांगितले की धर्मस्थापनेच्या मनाईचा अर्थ ‘ऐतिहासिक प्रथा आणि समज’ यांवरून लावावा. स्टोन खटल्याचा निकाल लेमन कसोटीवर उभा होता, म्हणजे पायाच गेला, असा काही राज्यांचा युक्तिवाद आहे. लुइझियानाने २०२४ मध्ये तक्त्यांचा कायदा केला. पाठोपाठ आर्कान्सा आणि टेक्सास यांनी २०२५ मध्ये केला. टेक्सासचा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. किमान सोळा बाय वीस इंचांचा आणि वर्गात कुठूनही वाचता येईल असा तक्ता कुणी देणगी म्हणून दिला तर शाळेने तो लावलाच पाहिजे, असे त्यात म्हटले आहे.

या कायद्याविरुद्धच्या एका दाव्यात सॅन अँटोनियोचे फेडरल न्यायाधीश फ्रेड बायरी यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अकरा डिस्ट्रिक्टांपुरती तक्ते लावण्यास मनाई केली. त्यांत ह्यूस्टन, ऑस्टिन आणि तुमच्याजवळचे प्लेनोही होते. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या न्यायाधीशांनी आणखी काही डिस्ट्रिक्टांना मनाई केली. दुसऱ्या बाजूने राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी बाकीच्या डिस्ट्रिक्टांना तक्ते लावण्यास बजावले आणि न लावणाऱ्या काहींवर दावेही केले. लुइझियाना आणि टेक्सास या दोन्ही राज्यांची प्रकरणे न्यू ऑर्लिन्स येथील पाचव्या सर्किटच्या (या राज्यांसाठीचे फेडरल अपील न्यायालय) पूर्णपीठापुढे जानेवारी २०२६ मध्ये सुनावणीस आली आणि या वादाचा शेवट सर्वोच्च न्यायालयातच होईल असे मी धरून चालतो. हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की तुमच्या मुख्याध्यापिका दोन्हीकडून कात्रीत सापडलेल्या असण्याची दाट शक्यता आहे. त्यांच्याशी बोलताना हे ध्यानात ठेवा. तक्ता त्यांनी हौसेने लावला असे गृहीत धरू नका.

माझे मत विचाराल तर हा कायदा टिकू नये. सर्वोच्च न्यायालयाने स्टोनचा निकाल स्वतः कधी रद्द केलेला नाही, आणि इतिहासाच्या कसोटीवरही राज्यांची बाजू लंगडी आहे. पहिली घटनादुरुस्ती झाली तेव्हा आजच्यासारखी सार्वजनिक शाळा अस्तित्वातच नव्हती, तर तिच्या वर्गात आज्ञा टांगण्याची सलग ‘प्रथा’ कुठून आणणार? ऑस्टिनमध्ये टेक्सास विधानभवनाच्या आवारात दहा आज्ञांचा दगडी स्तंभ १९६१ पासून उभा आहे आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो राहू दिला, हे खरे. परंतु ज्यांच्या मताने तो वाचला त्या न्यायमूर्ती स्टीव्हन ब्रायर यांनी आवर्जून लिहिले होते की हा स्तंभ शाळेच्या आवारात नाही, जिथे कोवळ्या मनांवर होणाऱ्या परिणामाची विशेष काळजी घ्यावी लागते. विधानभवनाजवळून जाणारा प्रौढ माणूस मान वळवून पुढे जाऊ शकतो. चौथीतला मुलगा वर्षातले सुमारे एकशे ऐंशी दिवस त्याच भिंतीसमोर बसतो, आणि तिथे बसणे त्याला कायद्याने सक्तीचे आहे.

तुमच्या मुलाने विचारलेला प्रश्न मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. टेक्सासच्या विधिमंडळाने ठरवून दिलेल्या मजकुरात ‘माझ्याखेरीज तुला अन्य देव नसावेत’ आणि त्यापाठोपाठ कोरीव मूर्ती न करण्याची आज्ञा आहे. ज्या घरात भाद्रपदात शाडूची मूर्ती येते त्या घरातल्या मुलाने ती ओळ वाचून अस्वस्थ होणे हा त्याचा गैरसमज नव्हे. त्याने वाक्य अगदी बरोबर वाचले आहे. फक्त हिंदूंचाच प्रश्न आहे असेही नाही. ज्यू, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट परंपरांत या आज्ञांची विभागणी आणि शब्दयोजना वेगवेगळी आहे. कॅथलिकांच्या मोजणीत मूर्तींविषयीची ओळ स्वतंत्र आज्ञा म्हणून येत नाही. म्हणजे एक मजकूर निवडून तो कायद्यात घालताना राज्याने धर्मशास्त्रातल्या जुन्या वादात एक बाजू घेतली. शाळेत कोणते बायबल वाचायचे या वादाने पेटलेल्या १८४४ च्या फिलाडेल्फियातील दंगलींत माणसे मेली आणि कॅथलिक चर्च जाळली गेली. सरकारने धर्मग्रंथाची आवृत्ती निवडायला घेतली की काय होते, हे या देशाने पाहिलेले आहे.

आता आजोबांच्या सूचनेबद्दल. त्यामागची भावना मी समजू शकतो. आपण ज्या सर्वधर्मसमभावात वाढलो त्यात अन्यायाचे उत्तर ‘आमचाही मान राखा’ असे असते: एका धर्माची सुट्टी असेल तर दुसऱ्याचीही हवी, एक तसबीर असेल तर शेजारी आणखी दोन. भारतात ही रीत बऱ्याच अंशी चालते. अमेरिकन कायद्यात ती चालत नाही, आणि याचे थेट उदाहरण उपलब्ध आहे. युटा राज्यातील प्लेझंट ग्रोव्ह या गावाच्या बागेत दहा आज्ञांचा देणगीदाखल आलेला स्तंभ होता. सममम नावाच्या एका लहान पंथाने मागणी केली की आमच्या सात सूत्रांचा स्तंभही तिथे उभारू द्या. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की बागेतील कायमस्वरूपी स्तंभ म्हणजे सरकारचे स्वतःचे बोलणे आहे आणि सरकारने तुमच्या वतीनेही बोलावे असा हक्क कुणाला नाही. वर्गाच्या भिंतीला हा निकाल तंतोतंत लागू पडतो. गीतेचा श्लोक मागाल तर डिस्ट्रिक्ट नाही म्हणेल आणि कायदा त्याच्या बाजूने असेल.

माझा आक्षेप केवळ यश मिळणार नाही एवढाच नाही. समजा, डिस्ट्रिक्ट हो म्हणाले, तर श्लोक कोणता हे कोण ठरवणार? भाषांतर कोणाचे? वारकरी घराला एक प्रिय, लिंगायत घराला दुसरे, बौद्ध घराला तो श्लोक मुळातच नको. हे ठरवण्याचा अधिकार एका अमेरिकन स्कूल बोर्डाला आपण आपल्या हाताने देणार आहोत का? शिवाय पहिल्या तक्त्याविरुद्ध बोलण्याचा आपला पायाच त्याने निघून जाईल. म्हणून माझा स्पष्ट सल्ला आहे की ही मागणी करू नका.

एक अपवाद मात्र जाणून घ्या. सरकारने एखादी जागा सर्वांना खुली केली असेल तर तिथे धार्मिक म्हणून कुणाला वगळता येत नाही. बॉस्टनच्या नगरभवनासमोरील ध्वजस्तंभ शहराने वर्षानुवर्षे मागेल त्या गटाला वापरू दिला आणि एका ख्रिस्ती ध्वजाला मात्र नाही म्हटले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शहराला चूक ठरवले, कारण तिथे बोलणारे शहर नव्हते, ध्वज आणणारे नागरिक होते. म्हणून शाळेत विद्यार्थ्यांच्या मंडळांना जागा मिळत असेल तर हायस्कूलमधील हिंदू विद्यार्थी मंडळालाही १९८४ च्या समान प्रवेश कायद्याखाली ती मिळालीच पाहिजे. ‘माझी संस्कृती’ या विषयावर प्रत्येक मुलाने आपापले चित्र लावायचे असेल आणि तुमच्या मुलाने त्यात गणपती काढला, तर ते चित्र काढून टाकता येणार नाही. आजोबांची इच्छा या मार्गाने अधिक सन्मानाने पूर्ण होते. ह्यूस्टनजवळ शुगर लँड येथे अष्टलक्ष्मी मंदिराच्या आवारात ऑगस्ट २०२४ मध्ये नव्वद फूट उंच हनुमानाची मूर्ती उभी राहिली तेव्हा काही लोकांनी विरोध केला. त्यांना विरोध करण्याचा हक्क आहे, पण मूर्ती हलवण्याचा नाही, कारण त्या जागेवर बोलणारे मंदिर आहे, सरकार नव्हे.

मुलीच्या प्रशिक्षकांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. केनेडी खटल्यानंतर अनेकांनी असे धरले की आता प्रशिक्षकांना वाटेल ते करता येते. निकालात तसे नाही. बहुमताने तो खटला अशा वस्तुस्थितीवर निकाली काढला की सामना संपल्यावर, खेळाडू इतर कामांत असताना, केनेडी मैदानावर एकटे गुडघे टेकून थोडा वेळ शांतपणे प्रार्थना करत होते. विद्यार्थ्यांवर दबाव आला असता तर गोष्ट वेगळी झाली असती, हे निकालातच मान्य केलेले आहे. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर यांनी विरोधी मतात मैदानावरील गर्दीची छायाचित्रेच जोडून ही वस्तुस्थिती नाकारली होती, आणि मला त्यांचे वाचन अधिक खरे वाटते. पण तुमच्या मुलीसाठी बहुमताचे वाचनही पुरेसे आहे. कर्तव्यावर असलेल्या प्रशिक्षकाने संघाला गोलाकार उभे करून प्रार्थना सांगणे हे एकट्याने केलेले आचरण नाही.

याच बाबतीत तुमच्या शहराजवळचाच एक खटला आहे. डॅलसच्या दक्षिणेकडील डंकनव्हिल येथील मुलींच्या बास्केटबॉल संघात अशीच प्रार्थना चालत असे. एका मुलीने त्यात भाग घेणे थांबवले. इतर मुलींच्या घोळक्याबाहेर ती उभी राहू लागली, प्रेक्षकांतून ‘ती ख्रिस्ती नाही का?’ असे प्रश्न आले आणि एका शिक्षकाने तिला वर्गात ‘छोटी नास्तिक’ म्हटले. १९९५ मध्ये पाचव्या सर्किटने शाळेच्या कर्मचाऱ्यांना अशा प्रार्थनेत सहभागी होण्याची मनाई कायम ठेवली. केनेडी निकालानंतर त्यातील किती भाग शिल्लक आहे यावर वकील वाद घालतील, परंतु सक्तीविषयीचा भाग भक्कम आहे. मुलींनी स्वतः जमून, स्वतःच्या इच्छेने प्रार्थना केली तर तो त्यांचा हक्क आहे आणि त्याविरुद्ध तक्रार करू नका. तक्रार केवळ प्रशिक्षकांच्या पुढाकाराबद्दल असावी.

तक्ता राहो किंवा जावो, तुमच्या मुलांचे स्वतःचे हक्क त्यावर अवलंबून नाहीत, आणि दुर्दैवाने आपले पालक ते फार कमी वापरतात. टेक्सासच्या शिक्षण कायद्यानुसार धार्मिक सणासाठी घेतलेली रजा, त्यासाठी लागणाऱ्या प्रवासाच्या दिवसांसह, मंजूर झालीच पाहिजे; गणेश चतुर्थीला ‘बरे नाही’ असे खोटे कळवण्याचे काहीच कारण नाही. टिळा, गळ्यातील माळ, शेंडी, कडे यांना १९९९ च्या टेक्सास धार्मिक स्वातंत्र्य कायद्याचे मोठे संरक्षण आहे. नीडव्हिल येथील एका मूळ अमेरिकन कुटुंबातील बालवाडीच्या मुलाने लांब वेण्या ठेवल्या म्हणून शाळेने त्याला वेगळे बसवले, तेव्हा २०१० मध्ये पाचव्या सर्किटने याच कायद्याखाली मुलाच्या बाजूने निकाल दिला. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाच्या बाबतीत शिक्षिकेने मुलीचे कुंकू ‘डाग’ समजून पुसायला लावले होते. या कायद्याचा उल्लेख असलेले एक पानी पत्र गेले आणि चार दिवसांत लेखी दिलगिरी आली. न्यायालयात जावे लागले नाही.

ध्वजप्रतिज्ञेचाही इथे संबंध येतो, कारण तिच्यात ‘देवाच्या छत्राखाली’ या अर्थाचे शब्द १९५४ मध्ये घालण्यात आले. ती म्हणण्याची सक्ती करता येत नाही. ध्वजवंदनाला मूर्तिपूजा मानणाऱ्या जेहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाच्या मुलांना १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वजवंदनाची सक्ती करू दिली आणि त्यानंतर देशभर त्या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले. तीनच वर्षांनी, १४ जून १९४३ रोजी, ऐन महायुद्धात, बार्नेट खटल्यात न्यायालयाने आपला निकाल फिरवला. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिले की राजकारण, राष्ट्रवाद, धर्म किंवा मताच्या इतर बाबींत रूढ काय असावे हे कोणत्याही अधिकाऱ्याने, तो मोठा असो की छोटा, ठरवायचे नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये केरळमधील त्याच पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत न गाता केवळ आदराने उभे राहण्याची मुभा दिली, तेव्हा न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी या अमेरिकन निकालांचा परामर्श घेतला होता. टेक्सासमध्ये प्रतिज्ञेतून सूट हवी असल्यास पालकाची लेखी विनंती लागते, एवढे लक्षात ठेवा. तुमच्या मुलांना प्रतिज्ञा म्हणायची असेल तर त्यातही काही गैर नाही.

पाठ्यक्रमाबाबत एक अनपेक्षित मदत झाली आहे. टेक्सासच्या राज्य शिक्षण मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आठ विरुद्ध सात मतांनी ‘ब्लूबॉनेट’ हा प्राथमिक पाठ्यक्रम मंजूर केला. त्यात भाषेच्या धड्यांत बायबलच्या कथा आहेत. तो ऐच्छिक आहे, पण स्वीकारणाऱ्या डिस्ट्रिक्टांना प्रत्येक विद्यार्थ्यामागे साठ डॉलरपर्यंत जादा निधी मिळतो. तुमच्या डिस्ट्रिक्टने तो घेतला आहे का, याची चौकशी करा. जून २०२५ मध्ये महमूद विरुद्ध टेलर या मेरीलँडमधील खटल्यात मुसलमान आणि ख्रिस्ती पालकांनी आपल्या धर्मश्रद्धेशी विसंगत वाटणाऱ्या गोष्टींच्या पुस्तकांतून मुलांना वगळण्याचा हक्क मागितला आणि सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो दिला. त्या निकालाच्या व्याप्तीची मला शिक्षकांच्या दृष्टीने चिंता वाटते. तरीही तो जसा त्या पालकांना लागू आहे तसाच तुम्हालाही आहे. बायबलची कथा साहित्य म्हणून शिकवणे वैध आहे आणि मुलांना ती माहीत असणे चांगलेच. ती सत्य म्हणून किंवा श्रद्धा म्हणून शिकवली जात असेल तर मुलाला त्या तासापुरते बाहेर ठेवण्याची लेखी मागणी तुम्ही करू शकता. टेक्सासच्या शिक्षण कायद्यातही ही तरतूद आधीपासून आहे.

राहिला ग्रीन कार्डाचा प्रश्न, आणि इथे मी मोजून बोलणार आहे. पहिल्या घटनादुरुस्तीत ‘नागरिक’ हा शब्द नाही. देशात कायदेशीर राहणाऱ्या परकीयांनाही भाषणस्वातंत्र्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४५ मध्येच म्हटले आहे. मुख्याध्यापिकांना पत्र लिहिणे, सूट मागणे, स्कूल बोर्डाच्या सभेत दोन मिनिटे बोलणे ही पालकाची रोजची कामे आहेत. माझ्या कारकिर्दीत अशा पत्रामुळे कुणाच्या व्हिसाला धक्का लागलेला मी पाहिलेला नाही. परंतु २०२५ मध्ये केंद्र सरकारने राजकीय मतप्रदर्शनावरून काही परदेशी विद्यार्थ्यांवर कारवाई केली, आणि ते पाहता तुमच्या यजमानांची भीती मी अनाठायी म्हणणार नाही. म्हणून रेषा अशी आखा: शाळेशी पत्रव्यवहार निःसंकोच करा; न्यायालयात वादी म्हणून नाव देण्याची वेळ आली तर आधी इमिग्रेशनच्या वकिलांचा सल्ला घ्या. टोपणनावाने दावा करण्याची सोयही आहे. २००० साली निकाली निघालेल्या, टेक्सासमधीलच सँटा फे येथील फुटबॉल सामन्यांपूर्वीच्या प्रार्थनेच्या खटल्यात एक मॉर्मन आणि एक कॅथलिक कुटुंब ‘डो’ या नावाने लढले, आणि त्यांची ओळख हुडकून काढण्याचे प्रयत्न झाले तेव्हा न्यायालयाने कडक ताकीद दिली. अशा खटल्यांत ए.सी.एल.यू. आणि अमेरिकन्स युनायटेड यांसारख्या नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संस्था पालकांकडून शुल्क घेत नाहीत.

तुमच्या जागी मी असतो तर या आठवड्यात दोन वेगळी पत्रे लिहिली असती. पहिले मुख्याध्यापिकांना: मुलाने काय विचारले ते त्याच्याच शब्दांत, त्याला तक्त्याच्या समोर न बसवता दुसरीकडे बसवण्याची विनंती, आणि शिक्षकांनी तो मजकूर वाचून घेऊ नये किंवा समजावू नये अशी अपेक्षा. दुसरे शाळेच्या क्रीडा संचालकांना: प्रशिक्षकांच्या श्रद्धेबद्दल एक अक्षरही न लिहिता, कोणत्या तारखेला, कोणत्या सामन्यानंतर, कोणी बोलावले आणि मुली कुठे उभ्या होत्या एवढेच. हे पत्र पाठवण्यापूर्वी मुलीला विचारा. संघात तिला रोज उभे राहायचे आहे, आणि तिची तयारी नसेल तर थांबा. दोन्ही पत्रांवर तारीख घाला, ईमेलने पाठवा, प्रत घरी ठेवा आणि तोंडी उत्तर मिळाले तर त्याच दिवशी ‘आपण असे म्हणालात’ असे लिहून पुन्हा पाठवा. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. त्या रजेचा अर्ज शाळा सुरू होताच स्वतंत्र कागदावर द्या आणि त्यात कारण स्पष्ट लिहा: घरी गणपती येतो.